पाटी, पडदा आणि काच

गोदावरीच्या काठी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीचे देवालय आहे. मूल चार-पाच वर्षांचे झाले म्हणजे आईबापांनी त्यास तेथे न्यावे आणि देवीसमोर त्याच्या हातून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, अशी त्या मुलखातील तेलुगू व मराठी कुटुंबांची चाल आहे. आमच्या घरातील एका बालकाचा हा संस्कार करावयाचा होता, म्हणून सहकुटुंब तेथे जाण्याचा योग आला. बासर हे क्षेत्र पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली त्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हापासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. देवीचे दर्शन आटोपल्यावर वकिलीच्या एका लहानशा कामासाठी मला आदिलाबाद शहरी जावे लागले, आणि तेथील एका दुकानाच्या काचेने मला प्रस्तुत लेखाचा विषय दिला.

दुकान लहानसेच होते. पूजेचे साहित्य, वह्या, पाट्या, पेन्सिली आणि सणासुदीच्या किरकोळ वस्तू यांचे. मालकीणबाई पन्नाशीच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि घाऊक व्यापाऱ्याशी दखनी हिंदीत बोलणाऱ्या. मी गेलो तेव्हा त्या दर्शनी काचेवरून संक्रांतीची चित्रे उतरवीत होत्या. काचेच्या कोपऱ्याशी नख घालून चित्र अलगद सुटे करावे, ओल्या फडक्याने पुसावे, मूळच्या कागदावर पुन्हा पसरावे आणि पेटीत आडवे ठेवावे, असा त्यांचा क्रम चालला होता. गौरीचे मुखवटे पेटाऱ्यात ठेवताना आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बायका जी काळजी घेतात, तीच त्यांच्या हातांत होती. चौकशी केली तेव्हा कळले की या चित्रांस गोंद नसतो. मऊ व्हिनाइलचा पातळ पत्रा गुळगुळीत काचेवर हवा न ठेवता दाबून बसविला की तो आपोआप धरून राहतो, आणि नीट जपला तर पुढच्या वर्षी तोच पुन्हा उपयोगी पडतो.

दुकानावरील पाटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, वरची पाटी सरकारच्या नियमाची. ही काच तेवढी माझी.”

वाक्य साधे होते, पण त्यात या जिल्ह्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सामावला आहे, असे मला वाटले.

आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद. हे नाव विजापूरच्या आदिलशाहीवरून पडले असे मानतात. निजामाच्या राज्यात १९०५ साली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जंगलात गोंड, कोलाम. गोदावरीच्या अंगाने तेलुगू. पैनगंगेच्या अंगाने मराठी. आणि कचेरीत उर्दू, अशी त्याची भाषिक घडण. हैदराबाद संस्थानात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. त्या वेळी याच जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. म्हणजे एका घराने ओटा न सोडता तीन पिढ्या दुकान चालविले, तरी त्याच्या माथ्यावरील राज्य तीन वेळा बदलले. त्या बाईंच्या सासऱ्यांच्या वेळची पाटी उर्दू व मराठी अशा दोन लिप्यांत रंगविलेली होती, असे त्यांनी सांगितले. आजची पाटी तेलुगूत आहे.

यात तक्रारीचे कारण नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. दुकानाची पाटी ही केवळ मालकाची हौस नव्हे. रस्त्याने जाणाऱ्या सर्वांशी तिचा संबंध येतो, म्हणून कायदा तिची दखल घेतो. आंध्र प्रदेशाने १९८८ साली दुकाने व आस्थापना यांचा कायदा केला, आणि त्याखालील १९९० च्या नियमांत नामफलक तेलुगूत असावा असे बंधन घातले. तेलंगणानेही तोच मार्ग पुढे चालविला. आपल्या महाराष्ट्रातही तसेच आहे. २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांसही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असे ठरले. किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने या सक्तीस आव्हान दिले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते फेटाळले व अर्जदारांवर २५,००० रुपयांचा खर्च बसविला. अन्य भाषांस मनाई नाही, मराठी असावी एवढेच बंधन आहे, ही गोष्ट न्यायालयाने स्पष्ट केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले असता सप्टेंबर २०२३ मध्ये तेथेही व्यापाऱ्यांस दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास सांगण्यात आले. मुंबईत जो नियम आपणांस योग्य वाटतो, तोच आदिलाबादेत अन्यायाचा कसा म्हणावा?

याच्या जोडीस दुसरा एक निकाल ठेवण्याजोगा आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव होते. ते काढावे म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती मागणी नाकारली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती एखाद्या पंथाची नसून ती बोलणाऱ्या लोकसमूहाची असते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. राज्याच्या भाषेस अग्रपूजेचा मान मिळावा आणि शेजारच्या भाषेस पंक्तीत पान मिळावे, एवढेच या दोन निकालांचे एकत्रित तात्पर्य मला दिसते.

तर पाटी ही अशी स्थिर वस्तू आहे. आपल्या देवालयांत मूळ मूर्ती अचल असते. ती गाभाऱ्यातून हलत नाही. उत्सवमूर्ती मात्र चल असते. ती पालखीत बसते, रथावर चढते, गावातून फिरते आणि उत्सव संपला की पुन्हा आपल्या जागी येते. आम्ही वकील लोक हाच भेद स्थावर व जंगम या शब्दांनी करतो. दुकानाची पाटी अचल. काचेवरील चित्रे चल. पाटी नाव सांगते, काच दिवस सांगते. आज संक्रांत आहे, उद्या पाडवा येत आहे, शाळा उघडल्या, कापूस बाजारात आला, हे रस्त्यावरील माणसास पाटी सांगू शकत नाही.

चल वस्तूने ऋतू सांगण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. ‘पाटी’ या शब्दाचीच गंमत पाहावी. दुकानाच्या माथ्यावर असते तीही पाटी आणि मुलाच्या हातात असते तीही पाटीच. दसऱ्यास घरोघरी दगडी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुसून त्याच पाटीवर उजळणी सुरू होते. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीस चिकटवितात, त्यावरील नरसिंह, जरा-जिवंतिका व बुध-बृहस्पती यांची महिनाभर पूजा होते आणि मग तो उतरवितात. गोमंतकात गणेशचतुर्थीस माटोळी बांधतात; तिची लाकडी चौकट वर्षानुवर्षे तीच, फळेफुले मात्र दरवर्षी नवी. तेलुगू घरांत दसऱ्याला अथवा संक्रांतीला ‘बोम्मल कोलुवु’ म्हणजे बाहुल्यांचा दरबार मांडतात. सण झाला की बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत जातात आणि वर्षाने पुन्हा बाहेर येतात. जपून ठेवलेली वस्तू पुन्हा मांडणे हा आपल्या सणांचा अर्धा भाग आहे.

बाहुल्यांचे नाव निघाले की निर्मलचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होते. तेथील नक्काश घराणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी, प्राणी कोरतात. लाकडाचा भुसा व चिंचोक्याची खळ यांच्या लेपाने सांधे बुजवून गुळगुळीत करतात व मग रंग चढवितात. एकदा निजामाची स्वारी निर्मलास आली असता कारागिरांनी त्याच्या आसनावर एक नक्षीदार केळफूल टांगले, आणि ते उलगडताच त्याच्यावर सोनेरी पाकळ्यांचा वर्षाव झाला, अशी एक कथा सांगितली जाते. खरी असो वा नसो, गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्याची विद्या त्या कारागिरांस ठाऊक होती, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

चल चित्रांचा दुसरा टप्पा पडद्याचा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पुढे नाटक मंडळ्यांचा मोठा काळ सुरू झाला. या मंडळ्या गावोगाव हिंडत, आणि त्यांच्याबरोबर राजवाड्याचे, अरण्याचे, रस्त्याचे रंगविलेले पडदे गुंडाळून जात. एकच पडदा अनेक गावांत उलगडे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे बंधू असे पडदे रंगविण्यात इतके निष्णात झाले की ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. जत्रेतील दुकानदारही याच न्यायाने वागत आला आहे. पौष अमावास्येस आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे गोंड समाजातील मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. अशा जत्रेत दुकान थाटणाऱ्याच्या गाठोड्यात मालाबरोबर कापडी फलकाची घडी असते. या जत्रेतून त्या जत्रेत तो फलक त्याच्याबरोबर चालतो, विटला की पुन्हा रंगवून घेतला जातो, आणि अगदी फाटला म्हणजे मालावर झाकण म्हणून उपयोगी पडतो. टाकून देणे हा शब्द त्या व्यवहारात नव्हता.

काच मात्र उशिरा आली. जुन्या बाजारातील दुकानास खिडकी नसे. सकाळी आकडे घातलेल्या फळ्या एकेक करून काढाव्या, ओट्यावर गादी घालावी, रात्री त्याच क्रमाने फळ्या लावाव्या, हे दुकानाचे उघडणे-मिटणे. पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, पुढे ओगलेवाडीचा कारखाना निघाला. पण त्यांतून आपल्या घरांत आली ती मुख्यत्वे दिव्यांची चिमणी, बरणी आणि प्रभाकर कंदील. दुकानास दर्शनी काच लावणे ही मोठ्या शहरांतील साहेबी पेठांची गोष्ट होती. लहान गावांतील लहान दुकानांत ती यावयास पुष्कळ काळ जावा लागला.

परंतु काच येण्यापूर्वीच छापील चित्र आले होते, आणि त्याच्याबरोबर एक अवघड प्रश्न आला होता. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, आणि देवदेवता शिळाप्रेसवरून सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. व्यापाऱ्यांनी ही संधी तत्काळ ओळखली. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवरील तिकिटांवर, परदेशी आगपेट्यांवर, साबणाच्या व औषधाच्या दिनदर्शिकांवर लक्ष्मी, कृष्ण, गणपती झळकू लागले. गिऱ्हाइकानेही देवाचा मान राखला. वर्ष संपले की दिनदर्शिकेचा तारखांचा भाग कापून चित्रास चौकट करावी आणि ते देवघरात लावावे, ही रीत घरोघर होती. व्यापाऱ्याने जाहिरात दिली आणि श्रद्धेने तिचा देव केला. आजचे चित्र मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते स्वस्त, गोंदाचे व एकवार वापराचे असते, आणि सण उलटला की पात्याने खरवडून काढावे लागते.

त्या बाईंनी मला जे सांगितले ते याच ठिकाणी येते. पूर्वी त्याही दरवर्षी दिवाळीस लक्ष्मीचे चिकटचित्र लावीत. एके वर्षी ते खरवडून काढीत असता तुकडे खाली पडले आणि केराबरोबर गटाराच्या कडेस गेले. सकाळी फुले घेण्यास येणाऱ्या एका वृद्ध तेलुगू बाईने ते पाहिले. ती एक शब्दही बोलली नाही. खाली वाकून तिने चरणांचा तुकडा उचलला, पदराने पुसला, डोळ्यांस लावला आणि आपल्या पिशवीत ठेवून ती निघून गेली. “त्या दिवशी मला गिऱ्हाईक गेल्याचं वाईट नाही वाटलं, वकीलसाहेब,” बाई म्हणाल्या, “ते माझ्या हातून झालं याचं वाटलं.” वृद्धा पुढे पुन्हा येऊ लागली, परंतु तेव्हापासून या काचेवर देवाचे चित्र लागले नाही, आणि खरवडून टाकावे लागेल असे कोणतेच चित्र लागले नाही.

कायदा या बाबतीत थोडेसेच करू शकतो. व्यापारचिन्हांची नोंदणी आपल्याकडे १९४० च्या कायद्याने सुरू झाली. सध्याच्या १९९९ च्या कायद्यान्वये धर्मभावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदविता येत नाही. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव आपलेच म्हणून राखून ठेवू पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मान्य केला नाही. पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्याची मालकी सांगता येत नाही, हे तत्त्व त्यात ठरले. पण देवाचे चित्र काचेवर लावून पुढे त्याचे काय करावे, हे कोणताही कायदा सांगत नाही. ते कायद्याचे क्षेत्रच नव्हे. मूर्तीचे विसर्जन कसे करावे हे आपल्या शास्त्रांनी सविस्तर सांगितले, कारण आवाहन करणाऱ्यावर विसर्जनाचीही जबाबदारी असते, हे त्यांस ठाऊक होते. जे विधिपूर्वक उतरविता येणार नाही, ते चढवूच नये.

आता बाईंच्या पेटीत काय आहे ते सांगतो. पतंग आणि तिळाचे लाडू, संक्रांतीसाठी. मंगल कलश व आंब्याचे तोरण, कारण गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. पाटी-पेन्सिल, जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हासाठी. आपट्याचे पान मराठी गिऱ्हाइकांकरिता, आणि शेजारी शमीचे, कारण तेलुगू लोक दसऱ्यास ‘जम्मी’ची पाने सोने म्हणून देतात. बतुकम्माचा फुलांचा मनोरा. कापसाचे फुटलेले बोंड, कापूस बाजारात येतो त्या दिवसांकरिता. तेव्हाच शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळतो. आणि दिवाळीची पणती. यांखाली एक ओळ तेलुगूत व एक मराठीत. सासऱ्यांच्या पाटीवरील मराठी अक्षर माथ्यावरून उतरले, पण ते काचेवर वर्षातून सात वेळा प्रकट होते. त्यांची नात आता तेलुगू व इंग्रजी शाळेत शिकते. मराठी वाचण्याचा तिचा धडा याच ओळींवर होतो. पहिल्या वर्षी ही चित्रे गोंदाच्या कागदांपेक्षा महाग पडली; तिसऱ्या वर्षी हिशेब फिटला, असे त्यांचे म्हणणे. लहान दुकानदाराच्या वहीत ही बाबही क्षुल्लक नव्हे.

या वस्तूचे गुण सांगताना दोषही सांगितले पाहिजेत. व्हिनाइल हे शेवटी प्लास्टिकच. त्या मुलखातील उन्हाळा कडक. उन्हाच्या बाजूच्या काचेवर ते मऊ पडून आक्रसते, धूळ बसली की धरत नाही, आणि घडी केली तर घडीची रेघ कायमची राहते. १ जुलै २०२२ पासून देशात एकवार वापराच्या ज्या वस्तूंस बंदी झाली, त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक वा पीव्हीसीचे बॅनरही आहेत. काचेवरील चित्र हे बॅनर होय की नव्हे, यावर माझे व्यवसायबंधू पुष्कळ वाद करू शकतील. परंतु दुकानदाराने वादात न पडता जाड पत्रा घ्यावा हे बरे, कारण जो जाड तोच टिकाऊ. दुसरा दोष अधिक बोचणारा आहे. यंत्राने कापलेले चित्र आले आणि पाट्या रंगविणाऱ्या पेंटरच्या हाताचे काम गेले. पण पेंटरचे काम प्रथम घेतले ते एका रात्रीच्या फ्लेक्सने. जपून ठेवण्याच्या चित्रास निदान हाताने काढलेल्या मूळ नमुन्याची गरज असते, कारण जे दहा वर्षे पाहावयाचे ते सुबक असावे लागते. निर्मलच्या गावी ज्यांच्या बोटांत ती नक्षी अद्याप जिवंत आहे, त्यांच्याकडून असे नमुने काढून घेण्याचे आदिलाबादच्या दुकानदारांस सुचले, तर दोघांचेही कल्याण होईल.

आपल्या देवस्थानांच्या उत्सवमंडळींसही यातून काही घेण्यासारखे आहे. जत्रेच्या दिवसांत देवळाच्या वाटेवर जे फलक लागतात, त्यांवर मूळ दैवताचे चित्र आणि त्याच्या पायाशी देणगीदारांची नावे असतात. जत्रा सरली की ते कोठे जातात, हे कोणी पाहत नाही. वर्ष न घातलेला, दैवताऐवजी दीपमाळ वा कलश रेखाटलेला एक चांगला कापडी फलक करावा, तो पालखीच्या सामानाबरोबर कोठीत ठेवावा आणि त्याची नोंद वहीत घालावी. उत्सवमूर्तीचे दागिने आपण मोजून ठेवतो. तिच्या नावाने लावलेले कापडही मोजून ठेवण्यास हरकत नसावी.

मी निघालो तेव्हा काच स्वच्छ पुसून झाली होती आणि तिच्यावर अद्याप काही लागले नव्हते. आदल्या दिवशी बासरला आमच्या बालकाने गिरविलेले अक्षर आठवले. गुरुजींनी त्याचा हात धरून पाटीवर ते काढविले, आणि घरी येताच त्याने ते ओल्या बोटाने पुसून टाकले. त्याची आई रागावली. आजीने मात्र पाटी पुन्हा त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “पुसलं ते बरं केलंस. आता परत काढ.”